तांबडीचे टाके

माझी मुलगी चारचौघांत माझं एकच कौतुक सांगते. हळद असो, बारसं असो, माणसं जमली आणि ताटं मांडायला अजून वेळ असला की सुरू होते, "आमच्या आईनं एकदा कोंबडीचं ऑपरेशन केलं होतं. ब्लेडनं. दोरा मी धरला होता." बायका 'अगंबाई' म्हणतात, माझ्या हातांकडे बघतात, आणि मी पदर सावरत लाजल्यासारखं करते. मुलगी टाक्यांपर्यंत सांगते आणि पाणी पिते. टाक्यांच्या पुढं ती कधी गेली नाही.

पुढचं मी सांगते. गुडघे गेले, दात निम्मे गेले, आता अब्रू एकटी राखून काय करू?

तेव्हा मी तीस-एकतीसची होते आणि मला सगळं कळत होतं. अंजूर गावाच्या कडेला आमचं घर, मागं परस, परसाच्या पलीकडं कापडाच्या लूमवरच्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. भातशेती विकली जात होती, तिथं गोदामं उठत होती. मी काल्हेरच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. काम खोक्यांना चिकटपट्टी लावायचं, पण चाल अशी की गोदाम बापानं आंदण दिलंय. वर बारावी पास. हे कुणी विचारलं नाही तरी सांगायची. सासू देवीला नारळ फोडायला निघाली की मी म्हणायची, "आई, देव दगडात नसतो हो." ती म्हणायची, "तुज्या पट्टीत असल."

मग मुलगी आजारी पडली. सहा वर्षांची. ताप उतरेना, डोळे पिवळे, पोट फुगलेलं. ठाण्याच्या बाजूला सरकारी इस्पितळात तिला ठेवलं आणि चौथ्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून नवऱ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मी बाहेरच्या जिन्यात जाऊन बसले. बारावी पास बाईनं डोळे मिटले आणि गावदेवीला हाक मारली.

नवस बोलायचा तर काहीतरी द्यावं लागतं. पहिल्यांदा माझ्या हातातल्या बांगड्या डोळ्यांपुढं आल्या. दोन होत्या, सोन्याच्या, माहेरच्या. मन त्यांच्यावर टेकलं न टेकलं आणि सरकन घसरून कोंबडीवर जाऊन बसलं. देवी, माझी पोर जगव, चैत्रातल्या जत्रेला तुला तांबडी देते.

तांबडी पोरीची होती. पिलू असताना फ्रॉकच्या झोळीत घालून फिरवलेली, तिच्या ताटातलं खाऊन वाढलेली. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तांबडीला हाक. म्हणजे बघा, जीव पोरीचा, कोंबडीही पोरीची, आणि उदार कोण? तर मी. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून पुण्य घ्यायची हौस मला पहिल्यापासून.

पोर बरी झाली. आता डॉक्टरांनी केली की देवीनं, ते दोघांनी आपसांत ठरवावं. मी घरी येऊन सासूला नवस सांगितला. तिला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. नात वाचली त्याचा होताच, पण सून वाकली त्याचा काकणभर जास्त.

"काय गो, दगडात भेटली का मग?" म्हणाली.

जत्रेला दीड महिना होता. पोरीला काही सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. आमचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

आमच्याकडं देवीला कोंबडी देताना तिच्या अंगावर पाणी शिंपडतात. कोंबडीनं पिसं फुलवून अंग झाडलं तर देवीनं घेतली. नाही झाडलं तर देवीला ती नको. नको म्हणजे नवस फिटला नाही, आणि नवस फिटला नाही तर जे मागून आणलं ते देवी परत नेते. सासूनं हे मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "म्हणून कोंबरी ताजीतवानी पायजे. मरगळलेली झाडत न्हाय."

मग काय, तांबडीची बडदास्त सुरू झाली. तांदळाची कणी, भिजवलेली बाजरी, कधी सुकटीचा चुरा. तिच्या टोपलीत पेंढा होता, तो मला खरबरीत वाटला. नवरा लूमवर होता, तो सांडलेलं, तुटकं सूत पोत्यात भरून आणायचा. आमच्या भागात घराघरांत ते असतंच, उशीत भरा, सायकल पुसा, चुलीला लावा. मी त्या सुताची चांगली वीतभर जाड गादी केली. पांढरी, मऊ, कापूस झक मारेल अशी. "तांबडी राणी झाली," असं पोर म्हणाली आणि तिनं माझा गालगुच्चा घेतला. शेजारणींना मी बोलावून दाखवली ती गादी. मरणाऱ्याला मऊ बिछाना, असं मी मनात म्हटलं आणि मला माझंच भरून आलं.

जत्रेला बारा दिवस राहिले आणि तांबडी बसली.

सकाळी कोंबड्यांवर झाकलेलं डालगं उचललं तर बाकीच्या कोंबड्या उधळल्या आणि ही टोपलीतच. पिसं फुगवलेली, मान आत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. दाणे टाकले, बघितले नाहीत. पोरीनं हाक मारली, एक डोळा उघडला आणि मिटला.

सासूनं दारातूनच निकाल दिला. "खुडूक झायली ती. पीस घाल नाकात."

खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या नादानं टोपलीला चिकटलेली कोंबडी. तो नाद मोडायचा आमच्याकडचा उपाय असा, की तिचंच एक पीस उपटायचं आणि त्याचा दांडा तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून आरपार घालायचा. मग ती ते काढायला धडपडते, डोकं झटकते, बसायचं विसरते. सोबत गार पाण्यात बुडवायचं.

आता मला विचाराल तर खुडूक कोंबडी ओळखणं काही अवघड नाही. हात जवळ नेला की ती अंगावर येते, चोच मारते, क्लक-क्लक करून शिव्या देते. तांबडीच्या पोटाखाली मी हात घातला तर तिनं मान सुद्धा वळवली नाही. पण तेव्हा मला सगळं कळत होतं ना. मी पंखातलं एक पीस उपटलं आणि घातलं. दांडा शिरताना बारीक करकर झाली, नाकातून रक्ताचा एक थेंब आला.

पोर उकिडवी बसून बघत होती. "नथ घातलीस तिला?"

"हो. नटवली."

"दुखलं?"

"कोंबड्यांना दुखत नाही."

बादलीत तीनदा बुडवली, मान तेवढी वर. तिसऱ्यांदा तिनं पाय सोडून दिले. उलट्या डालग्याखाली उपाशी ठेवली, तेही शास्त्रच. दुसऱ्या दिवशी तशीच. नथीसकट, ओली, डोळे मिटून. मी परत बुडवली. इलाज लागू पडत नाही म्हणजे कमी पडतोय, अशी माझी डॉक्टरकी.

तिसऱ्या दिवशी तुरा काळपट पडला, हगवण हिरवी पाण्यासारखी झाली, आणि चोचीतून आंबलेल्या पेजेचा वास यायला लागला. सासूनं लसूण आणि ओवा कुटून कोंबला. तो निम्मा तसाच बाहेर आला. मग मी फळीवरची पोरीच्या आजारपणातली गुलाबी औषधाची बाटली काढली.

"मला एक झाकण द्यायचीस," पोर म्हणाली. "ती लहान आहे. तिला अर्धं दे."

तिच्याच मापानं दिलं. तांबडीनं मान हलवली आणि गुलाबी लाळ माझ्या साडीवर आली.

त्या दुपारी पहिल्यांदा मी घाबरले. कोंबडीसाठी नव्हे, उगाच चांगलं वाटून घेऊ नका. पोरीनं जेवताना अर्धी भाकरी टाकली आणि "कंटाळा आला" म्हणाली. एवढंच. उन्हाचे दिवस, कुणालाही येतो कंटाळा. मी तिचे डोळे खाली ओढून पांढऱ्यात पिवळं शोधत बसले.

सासूला गाठून म्हटलं, "आई, दुसरी देऊ या का? तशीच तांबडी मिळेल पडघ्याच्या बाजारात. देवीला काय कळणार?"

"बोलताना काय बोलली व्हतीस? कोंबरी का तांबरी?"

"पोरीची तांबडी."

"मग? बारावी शिकलीस ना? आपलं बोललेलं वाचता येत न्हाय?"

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. सासू बघत राहिली. तिला दया आली असेल, पण तिनं ती दाखवून मला मोठं केलं नाही.

मागच्या खोल्यांतली, सगळे जिला चाची म्हणायचे ती बाई कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा लूमवर रात्रपाळीला, ही खोलीत कोंबड्या पाळायची, गावाकडची सवय. माझं रडणं ऐकून कुंपणातून आत आली. डालग्याखालून तांबडीला उचललं आणि पहिल्यांदा नाकातलं पीस बघितलं.

"ये किसने किया?"

"वो खुडूक..."

"खुडूक तेरा सर." पीस उपसून तिनं फेकून दिलं. मग तांबडीला काखेत धरून गळ्याच्या खाली, छातीच्या वर बोटांनी चाचपलं. "हाथ ला इधर. ये पोटा है. भूखी मुर्गी का खाली होना चाहिए. देख, पत्थर है."

दाणे आधी जिथं साठतात ती पिशवी. मी हात लावला. मोसंबीएवढा कडक गोळा. तीन दिवस मी ही कोंबडी उचलत होते, बुडवत होते, आणि कधी गळ्याखाली बोट फिरवलं नव्हतं. चाचीनं गोड तेलाचे थेंब चोचीत सोडून चोळून बघितलं, उलटी धरून बघितलं. आंबूस पाणी आलं, गोळा जागचा हलला नाही. मग तिनं चोच उघडून जिभेखाली बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. जिभेच्या मुळाशी एक पांढरा धागा होता.

मी तो ओढायला हात घातला. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "अंतड़ी निकालेगी क्या उसकी?"

तेव्हा मला ती गादी आठवली. वीतभर जाड, पांढरी, मऊ.

"खोलना पड़ेगा," चाची म्हणाली. "हमारे गाँव में खोल के, साफ कर के, सी देते हैं. मैं पकड़ती हूँ. काटेगी तू. मुझसे खून देखा नहीं जाता."

पाटावर तांबडीला उताणी ठेवली. चाचीनं पंख आणि पाय धरले, तोंड भिंतीकडे फिरवलं. सासूनं हळद आणि उकळलेलं पाणी आणलं. नवऱ्याचं दाढीचं नवं ब्लेड, माझी ब्लाउज शिवायची सुई, मशीनचा निळा दोरा. रीळ पोरीच्या हातात दिलं, म्हणजे ती बाहेर जाऊन कुणाला सांगणार नाही.

पिसं उपटून कातडी उघडी केली आणि ब्लेड लावलं. पहिल्यांदा कातडी, मग खालची पातळ पिशवी. तांबडी ओरडली नाही. तिनं नुसती चोच उघडली आणि तशीच ठेवली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. पोर तिच्या चोचीकडे बघत होती, मग माझ्याकडे, आणि मी सांगितलेलं ते 'कोंबड्यांना दुखत नाही' तिच्या तोंडावरून पुसलं जाताना मला दिसत होतं.

आतून गोळा निघाला. सूत, त्यात गुंडाळलेली बाजरी, कणी, ओवा, सगळं नासलेलं. बोटं घालून, पिळून काढलं. निघतच होतं. वीतवीत, हातहात.

"आई," पोर म्हणाली, "हे तू अंथरलेलं."

"दोरा धर गप्प."

पिशवीला तीन टाके, वर कातडीला तीन. माझा हात एरवी ब्लाउजाच्या काखेत चुकायचा, त्या दिवशी चुकला नाही. शेवटची गाठ मारली आणि दोरा तोडायला कात्री सापडेना, म्हणून दातानं तोडला. दोऱ्याची शेपूट लांब राहिली, बोटाच्या पेराएवढी.

चाचीनं मान वळवली, टाके बघितले आणि तिचे डोळे भरले. "इतनी मोहब्बत मुर्गी से? अल्लाह तुझे इसका नेक फल दे." मी मान खाली घातली. सासू आत जाऊन भांडी वाजवायला लागली. तिला हसू येत होतं.

आणि तांबडी जगली. पहिले दोन दिवस ताकातला मऊ भात, चिमटीचिमटीनं. तिसऱ्या दिवशी उभी राहिली. पाचव्या दिवशी पोरीच्या मागं परसभर. तुरा परत लाल झाला. पोर शाळेत सांगून आली, शाळेतल्या बाईंनी मला निरोप पाठवला, तुमचं कौतुक वाटतं. पोर माझ्या कुशीत शिरून म्हणायची, "तू डॉक्टरच आहेस." मी म्हणायची, "मग!"

आता इथं कुणी म्हणेल, एवढं केल्यावर बाईचं मन पालटलं असेल. नाही पालटलं. मी रोज टाके बघायची ते पुजारी मुहूर्त बघतो तसे.

जत्रेच्या दिवशी सासूनं पहाटेच तांबडीला टोपलीत घालून, वर कापड बांधून देवळामागं नेऊन ठेवलं. आम्ही पोरीला नवा फ्रॉक घालून देवीच्या पायांवर घातली, कपाळाला भंडारा लावला. मग नवरा तिला पाळण्यात बसवायला घेऊन गेला. देवळामागं मी, सासू, देवीचा भगत, आणि नवस फेडायला आलेली दहा-बारा माणसं.

भगतानं तांबडीवर पाणी शिंपडलं. ती उभी राहिली. इकडंतिकडं बघितलं. माझ्याकडे बघून दोन पावलं आली, कारण भात द्यायचा तो हात माझा.

"झाड गो बाय," भगत म्हणाला. परत पाणी. तिनं नुसता डोळा मिचकावला. मीच तिला बादलीत बुडवून बुडवून पाण्याला निर्ढावून टाकलं होतं.

तिसऱ्यांदा पाणी. मागचे लोक कुजबुजायला लागले. भगतानं ओंजळ खाली केली. "देवीच्या मनात न्हाय वाटतं."

पलीकडून पाळण्याचा करकर आवाज येत होता आणि त्यात माझ्या पोरीचं हसणं. मी खाली बसले. "थांबा, मी समजावते तिला," म्हटलं आणि तांबडीला पोटाशी घेतलं. लोकांना वाटलं मी कुरवाळते आहे. पिसांखाली बोटं घालून मी ती निळी शेपूट शोधली, नखात पकडली आणि ओढली.

तांबडी नखशिखांत थरथरली. पंख उघडले, पिसं फुलवली, पाणी चहूकडं उडालं.

"घेतली! घेतली! देवीनं घेतली!"

भगताचा कोयता चांगला होता. एवढंच तिच्याबाबतीत मला चांगलं सांगता येतं.

पोरीला सांगितलं, तांबडीला मुंगसानं नेलं. ती परसात कुंपणाकुंपणानं हाका मारत फिरली. मग जेवायला बसलो. नवस ज्याच्यासाठी त्याच्या ताटात पहिला तुकडा, ही रीत. सासूनं घाईत भाजून, कापून केलेलं. लाल रस्सा, तांदळाची भाकरी. पोर खूप रडून भुकेली झाली होती. दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला थांबली. तोंडात बोट घालून तिनं काहीतरी ओढलं.

निळा दोरा. गाठीसकट.

रीळ तिनंच धरलं होतं. दोरा ताटाच्या काठाला पुसला, माझ्याकडे बघितलं, आणि जेवली. भाकरी, रस्सा, हाड न हाड. माझ्या ताटातलं मला गिळेना. सासू म्हणाली, "खा. डॉक्टरीणबाई, खा."

त्यानंतर मी कधी त्या दिवसाचं बोलले नाही, पोरही नाही. आता ती काल्हेरच्या नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. तिथं कोंबडी पाळू देत नाहीत. तिची मुलगी पाच वर्षांची, आणि त्या मुलीची एक पांढरी मांजर आहे, तिच्याच उशीवर झोपते.

गेल्या महिन्यात नातीला ताप आला. दोन दिवस उतरला नाही. मी फोनवर फोन. तिसऱ्या दिवशी मुलीनं उचलला. डॉक्टरांनी रक्त तपासलंय, काळजीचं नाही म्हणाली.

"आई, तू देवीला काही बोलू नकोस."

"मी काय बोलणार?"

"ते मला माहीत नाही. आमच्याकडं मांजर आहे, एवढं लक्षात ठेव."

मी म्हटलं, "मांजर नाही चालत गं देवीला. मी विचारून आले."